हाताला काम, मनाला थारा : प्रस्तावना

उत्तर कन्नड जिल्ह्याचा जोयडा तालुका, ज्याला जुन्या दप्तरांत आणि अद्यापही पुष्कळ वृद्धांच्या तोंडी सुपा हेच नाव आहे, तो विस्ताराने जितका ऐसपैस तितकाच वस्तीने विरळ आहे. सुमारे १,९०० चौरस किलोमीटरांच्या या डोंगराळ मुलखात जेमतेम पन्नास हजार माणसे राहतात, आणि तीही एका जागी नव्हेत. चार घरे या टेकडीवर, सहा घरे त्या ओढ्यापलीकडे, मध्ये रान, आणि रानात वाघाच्या नावाने राखलेली सरकारी हद्द. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. काळी नदीवरच्या धरणाने खुद्द सुपा गावच पोटात घेतले तेव्हा तालुक्याची कचेरी जोयड्यास आली आणि कित्येक बुडीत कुटुंबे रामनगरास जाऊन वसली. पुढे २००७ साली दांडेली-अणशीचे अरण्य व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले. ज्या प्रदेशाच्या वाट्याला इतके हुकूम, इतके नकाशे आणि इतकी उठबस आली, त्या प्रदेशात रस्ता, पूल, साकव आणि सर्पदंशावरची लस यांची मागणी अद्याप पुरती फिटलेली नसताना मुलांच्या इंद्रियांच्या आणि मनाच्या आरोग्यावर स्वतंत्र पुस्तक निघावे, हे काही वाचकांना चैनीचे वाटण्याचा संभव आहे. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला बगल न देता प्रस्तावनेचा आरंभ तेथूनच करणे इष्ट.

आषाढात, झड लागलेली असताना, या बाजूच्या एखाद्या पत्र्याच्या छपराच्या अंगणवाडीत घटकाभर जाऊन बसावे. पत्र्यावर पावसाचा असा गदारोळ उठलेला असतो की सेविकेला गाणे ओरडूनच म्हणावे लागते; बाकीची मुले त्या गदारोळातही मजेत हुंदडत असतात, आणि एखादेच मात्र दाराआड, भिंतीला पाठ घट्ट लावून, दोन्ही कानांत बोटे खुपसून, डोळे मिटून बसलेले दिसते. शेजारच्याच्या ओल्या सदऱ्याचा नुसता स्पर्श झाला तरी ते किंचाळते. भातात कढीपत्त्याचे एक पान लागले की सगळा घास थुंकून टाकते. आणि कोणी मायेने जवळ घेऊ गेले तर चावते. सेविका दुष्ट नसते. तिच्यापुढे वजनाच्या, आहाराच्या आणि हजेरीच्या नोंदवह्यांचा ढीग असतो, आणि ती म्हणते, पोर हट्टी आहे. आजी म्हणते, भ्यालेले आहे, कुठेतरी दृष्ट लागली, एकदा देवळात जाऊन कौल लावून घ्या. बाप म्हणतो, चार रट्टे बसले की आपोआप सरळ येईल. या तिन्ही निदानांत एक गृहीत समान आहे, ते असे की मूल हे मुद्दाम करीत आहे, नाहीतर कोणीतरी त्याच्याकडून करवून घेत आहे. तो आवाज त्याला इतरांहून खरोखरच निराळा ऐकू येत असेल, ओल्या कापडाचा स्पर्श त्याला चटका बसल्यासारखा लागत असेल, आणि म्हणून त्याचे चावणे ही खोडी नसून बचाव असेल, ही चौथी शक्यता तिघांपैकी कोणाच्याही ध्यानी येत नाही. ती ध्यानी घेण्याचे शिक्षण ज्यांना मिळालेले असते, त्या व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या, म्हणजे ज्यांना शहरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा नुसते 'ओटी' म्हणतात त्यांच्या, कामाचा परिचय करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. असे मूल जोयड्यात नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने जोयडा पाहिलेला नाही. ते येथे आहे, फक्त त्याच्या दुखण्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

आपण शाळेत पाच ज्ञानेंद्रिये शिकलो, आणि आपल्या दर्शनकारांनी तर मनालाही इंद्रियांच्याच पंक्तीत बसवले. पाश्चात्त्य शरीरशास्त्राने या यादीत दोन अशा जाणिवांची भर घातली की ज्यांचे अस्तित्व त्या बिघडेपर्यंत आपल्याला कळतच नाही. एक कानाच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांची व त्यांच्या शेजारच्या सूक्ष्म अवयवांची, जी डोके कोणत्या बाजूला कलले, शरीर फिरत आहे की पडत आहे हे मेंदूला क्षणोक्षणी कळवते. आणि दुसरी स्नायूंची व सांध्यांची, जिला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली स्वतंत्र नाव दिले, आणि जिच्या बळावर आपण डोळे मिटूनही स्वतःच्या नाकाला अचूक बोट लावू शकतो. ओढ्यावरच्या साकवावरून धावत जाणाऱ्या मुलाच्या ठायी या दोन जाणिवा, दृष्टी आणि स्पर्श ही सारी एकमेकांशी इतक्या बेमालूमपणे सहकार्य करीत असतात की त्यात काही कर्तृत्व आहे असे पाहणाऱ्याला वाटतही नाही. ज्याच्या बाबतीत हे सहकार्य जुळून आलेले नसते, ते मूल साकवापाशी येऊन थबकते, रडते, किंवा याच्या अगदी उलट, उंचावरून उड्या मारल्यावाचून, भिंतीला धडका दिल्यावाचून त्याला स्वतःच्या शरीराचा ठावच लागत नाही. पहिल्याला आपण भित्रा म्हणतो व दुसऱ्याला वांड, आणि दोघांनाही एकच औषध देतो. ते कोणते, ते बापाच्या तोंडून वर येऊनच गेले आहे.

या दिशेने सर्वांत आग्रहाने विचार करणारी बाई म्हणजे अमेरिकेतील जीन एअर्स. १९२० साली कॅलिफोर्नियातील अक्रोडाच्या मळ्यावर जन्मलेल्या या व्यवसायोपचारतज्ज्ञ विदुषीने आधी हात-पाय लुळे पडलेल्या रुग्णांत काम केले, मग शैक्षणिक मानसशास्त्राची पदवी घेतली, मेंदूच्या अभ्यासात वर्षे घालवली, आणि १९७२ साली संवेदनांचे एकीकरण व अध्ययनातील अडचणी यांचा संबंध सांगणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. अक्षर न उमटणाऱ्या मुलाच्या हाताकडे पाहू नका, त्याच्या मानेकडे, पाठीकडे, तोल सांभाळण्याच्या धडपडीकडे पाहा, असे तिचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. या विचाराने पुढच्या पिढ्यांच्या कामाची दिशा बदलली यात शंका नाही. परंतु ज्या उत्साहाने तो जगभर पसरला, त्या उत्साहाच्या मानाने त्याची पुराव्याची बाजू लंगडी राहिली हेही वाचकापासून लपवता कामा नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली असा इशारा दिला की 'संवेदनांचा विकार' असे स्वतंत्र निदान कोणत्याही मुलावर चिकटवू नये, कारण तशी अस्वस्थता स्वमग्नता, अतिचंचलता, चिंताविकार अशा अनेक अवस्थांचा भाग म्हणून येते. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी स्वमग्नतेच्या लक्षणांत संवेदनांच्या अतिरेकी किंवा मंद प्रतिसादाचा अधिकृत समावेश केला. आणि २०२२ साली ब्रिटनमध्ये १३८ स्वमग्न मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत एअर्सच्या पद्धतीचा उपचार नेहमीच्या मदतीहून एकंदरीने सरस ठरला नाही. आमच्या मते यावरून निघणारा निष्कर्ष असा की मुलांची पीडा खरी आहे, तिचे वर्णन बरेचसे अचूक आहे, पण झोपाळा, फुगीर चेंडू आणि रंगीत गाद्या यांनी भरलेल्या खोलीत ठराविक तास विकत घेतले म्हणजे ती पीडा दूर होईल ही समजूत मात्र पैशाची नासाडी करणारी आहे. शहरांतून अशा खोल्या आता गल्लोगल्ली निघाल्या आहेत. त्यांत निष्ठेने काम करणारी माणसे आहेत आणि नुसती दुकानदारी करणारीही आहेत.

हा व्यवसाय मुळात अशा खोल्यांतून जन्मलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेड्यांच्या पायांतील बेड्या काढून त्यांच्या हाती काम देणाऱ्या फ्रेंच आणि इंग्रज सुधारकांपासून त्याची परंपरा मोजतात, आणि १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी एक वास्तुशिल्पी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक समाजसेविका, एक हस्तकला-शिक्षिका अशा निरनिराळ्या पेशांच्या मंडळींनी एकत्र येऊन त्याची पहिली संस्था स्थापली. आजाऱ्याने अर्थपूर्ण काम करावे, आणि त्या करण्यातूनच बरे व्हावे, एवढाच त्यांचा सिद्धांत होता. पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांनी त्या सिद्धांताला लगेच अफाट काम पुरवले.

आपल्याकडे हा व्यवसाय ज्या व्यक्तीने आणला तिचे नाव मराठी वाचकांना जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही. कमला विष्णु निंबकर ह्या मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतील क्वेकर संस्कारांत वाढलेल्या; निंबकरांशी विवाह होऊन त्या हिंदुस्थानात स्थायिक झाल्या, येथलेच नाव त्यांनी घेतले, आणि वयाची चाळिशी उलटून गेल्यावर, म्हणजे ज्या वयात आपल्याकडच्या गृहिणी नातवंडांची वाट पाहू लागतात त्या वयात, फिलाडेल्फियास जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेऊन परत आल्या. १९५० साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी हिंदुस्थानातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. पुढे नागपुरासही असे शिक्षण निघाले. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच साली जागतिक महासंघाची स्थापना झाली तेव्हा संस्थापक देशांच्या लहानशा यादीत भारताचे नाव होते. नुकत्या स्वतंत्र झालेल्या, धान्यासाठी जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या देशाने हे करावे, याचे श्रेय मोठ्या अंशी या एका बाईच्या चिकाटीकडे जाते. पोलिओने लुळे झालेले पोर, गिरणीत हात गमावलेला कामगार, कुष्ठाने बोटे झडलेली स्त्री, हे त्या पिढीचे रुग्ण. आणि माग, चरखा, सुतारकीची हत्यारे, माती, दोरखंड ही त्यांची औषधे. गांधीयुगातल्या माणसाला हाताच्या कामाची महती निराळी समजावून सांगावी लागत नसे, आणि निंबकरबाईंच्या कामाला त्या वातावरणाचा आधार मिळाला असावा असे आम्हांस वाटते. आशियातील पुनर्वसनाच्या प्रश्नावर त्यांनी नियतकालिकही चालवले. त्यांचे चिरंजीव फलटणचे कृषिसंशोधक, आणि स्नुषा जाई निंबकर ह्या इरावतीबाई कर्व्यांच्या कन्या व स्वतः लेखिका; फलटणला मॅक्सीन बर्नसन या दुसऱ्या एका अमेरिकन बाईंनी गोरगरिबांच्या मुलांसाठी जी शाळा उभारली तिला नाव आहे कमला निंबकर बालभवन. दोन परदेशी स्त्रियांनी मराठी मुलांसाठी इतके करावे आणि आपल्या चरित्रकोशांतून त्यांना दोन-चार ओळी मिळाव्यात, याची खंत येथे नोंदवून पुढे जाऊ.

निंबकरबाईंच्या कारकिर्दीचा विस्ताराने उल्लेख केला तो केवळ कृतज्ञतेपोटी नव्हे. विद्या दुसऱ्याच्या हाती देऊन टाकणे, आणि हाती असेल त्या साधनाने उपचार करणे, या दोन गोष्टी त्यांच्या कामाच्या मुळाशी होत्या. जोयड्यासारख्या मुलखात हा व्यवसाय टिकायचा असेल तर तो याच दोन गोष्टींवर टिकेल, असे आमचे निश्चित मत आहे, आणि पुढील सर्व प्रकरणे त्याच मताला धरून वाचावीत.

व्यवसायोपचारतज्ज्ञ मुलाकडे पाहतो म्हणजे नेमके काय पाहतो, हे एका उदाहरणाने दाखवणे बरे. दुसरीतला मुलगा लिहीत नाही, अशी गुरुजींची तक्रार. गुरुजी वही पाहतात. तज्ज्ञ वहीकडे सर्वांत शेवटी वळतो. मूल जमिनीवर बसले आहे ते मांडी घालून की दोन्ही पाय मागे फाकवून. पाठ दोन मिनिटांत वाकते की पाच. डावा हात कागद धरून ठेवतो की मांडीवर निपचित पडलेला असतो. पेन्सिल तीन बोटांत आहे की मुठीत. लिहिताना जीभ बाहेर येते का, खांदा कानापर्यंत वर चढतो का. आणि अक्षर इतक्या जोराने दाबले जाते का की पान उलटल्यावर मागच्या बाजूस ते बोटाला लागते. जोराने दाबणारे मूल पुष्कळदा आपल्या बोटांत किती बळ आहे हे न उमजल्यामुळे दाबीत असते. त्याला 'हलके लिही' म्हणून सांगणे निष्फळ, कारण हलके आणि जड यांतला भेद त्याचे स्नायू त्याला सांगत नाहीत. अशा मुलाला तज्ज्ञ शुद्धलेखनाची पाने वाढवून देत नाही. तो आईला विचारतो, घरी पाणी कोण भरते, पीठ कोण मळते, गोठ्यातले शेण कोण काढते, आणि त्यातली दोन कामे रोज शाळेआधी मुलाकडे द्यायला सांगतो. शाळेत पाटीखाली तिरपा पाट ठेववतो. आणि लिहिण्याचा वेळ निम्मा करून त्याचे दोन भाग पाडतो. आई चकित होते, कारण औषधाची चिठ्ठी घेऊन जाण्याच्या अपेक्षेने ती आलेली असते.

येथे जोयड्याची बाजू वरचढ आहे असे वाटण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. शहरातल्या केंद्रात जे मुद्दाम मांडावे लागते ते येथे अंगणात पसरलेले आहे: चिखलणी, कंद खणणे, मोळी वाहणे, झाडावर चढणे, उखळात कांडणे, दोराचा झोपाळा. कुणब्यांच्या घरातील मुलाच्या स्नायूंना दिवसभरात जितके काम मिळते तितके मुंबईच्या सदनिकेतील मुलाला आठवड्यातही मिळत नाही. परंतु यावरून 'आमच्याकडे निसर्गच वैद्य आहे, आम्हांस तज्ज्ञ कशाला' असा डौल मिरवणाऱ्यांस एकच गोष्ट सांगावी. शहरात हल्ली बेचैन मुलांसाठी वजनदार पांघरुणे मोठ्या किमतीला विकतात; तेच काम आमच्याकडील घोंगडी करील, असे कोणालाही सुचेल, आणि काही मुलांच्या बाबतीत ती खरोखर करतेही, अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली की मूल शांत होते. पण ज्याला खरखरीत स्पर्शच असह्य आहे त्याच्या अंगावर ती टाकणे म्हणजे त्याला खाजकुयलीत लोळवणे होय. त्याला धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याची गोधडीच हवी. झोपाळ्याचेही तसेच, मागेपुढे एका लयीत हलणारा झोपाळा बहुधा निववतो, आणि दोर पिळून गरगर फिरवलेला झोपाळा चेतवतो, काही मुलांना तर त्याने ओकारी येते. साधन तेच, मूल निराळे. कोणत्या मुलाला काय, किती, आणि कधी थांबावे, हे ठरवणारी नजर अंगणात उगवत नाही. ती काही वर्षांच्या रीतसर अभ्यासक्रमाने आणि त्यानंतरच्या पुष्कळ वर्षांच्या चुकतमाकत केलेल्या कामाने येते.

इंद्रियांचे हे सारे दुखणे अखेर मनापर्यंत पोचते. ज्या मुलाला रोज सकाळी शाळेच्या घंटेची, दुपारी पंगतीतल्या गलक्याची आणि संध्याकाळी आंघोळीच्या तांब्याची धास्ती असते, ते मूल पाच-सहा वर्षे असेच काढल्यावर नुसते कानांत बोटे घालून थांबत नाही. ते शाळा टाळू लागते, पोटात दुखते म्हणू लागते, रात्री दचकून उठते, आणि दहा-बारा वर्षांचे होईतो आपण इतरांहून कमी आहोत अशी त्याची पक्की खात्री झालेली असते. या खात्रीला आपण घराबाहेरचे लोक फार मोठा हातभार लावतो. खुळा, येडा, मंद, ही विशेषणे खेड्यात कोणी द्वेषाने वापरीत नाही, सहज वापरतो, आणि सहजपणेच ती मुलाच्या नावाला कायमची चिकटतात. आईची स्थिती त्याहून कठीण. पोर असे निघाले त्याचा ठपका तिच्या गरोदरपणातल्या खाण्यावर, तिच्या माहेरावर, तिच्या मोबाइलवर, कशावरही ठेवता येतो. अशा आईला निदान ऐकून घेणारे माणूस मिळणे हाच पुष्कळदा पहिला उपचार असतो, असे या क्षेत्रातली जुनी माणसे सांगतात. देवळात कौल लावायला जाणाऱ्या आजीची टवाळी या पुस्तकात कोठेही केलेली नाही, याबद्दल आम्हांस विशेष समाधान वाटते. देवाने उजवा कौल दिला म्हणून निश्चिंत झालेली आजी नातवाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायला तयार होते, आणि ज्या गुरवाने 'दोन्हीकडे जा' म्हणून सांगितले तो आरोग्य खात्याचा पगार न घेणारा कार्यकर्ताच म्हणावा लागेल.

सीमेवरच्या या तालुक्यात आणखी एक गुंता आहे, आणि त्याची चर्चा राजधान्यांत बसून लिहिलेल्या पुस्तकांत आढळत नाही. कुणब्याच्या घरात कोकणी, गवळी-धनगराच्या वाड्यावर मराठी, सिद्द्यांच्या वस्तीत त्यांची वेगळी कोकणी, आणि शाळेत बहुधा कानडी. सहा वर्षांचे मूल शाळेत एक अक्षर बोलत नाही तेव्हा ते का बोलत नाही? भाषा परकी म्हणून, बुजरे म्हणून, ऐकू कमी येते म्हणून, की बोलणे हीच क्रिया त्याच्या बाबतीत निराळ्या रीतीने घडली आहे म्हणून? दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. कानडी न समजणारे अगदी निकोप मूल मतिमंद ठरते, आणि खरोखर स्वमग्न असलेले मूल 'अजून भाषा यायची आहे' या सबबीखाली तीन-चार वर्षे तसेच राहते, जी वर्षे मदतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असतात. स्वमग्नतेच्या मोजणीसाठी आपल्या देशात ४० बाबींची जी अधिकृत श्रेणी वापरतात तिच्यासाठी मुलाच्या निरीक्षणाबरोबर आईबापांनाही विचारावे लागते, आणि विचारणाऱ्याची कानडी व आईची कोकणी यांची गाठ एखाद्या शेजारणीच्या दुभाषेपणावर पडत असेल तर त्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी? तज्ज्ञाने म्हणून आधी मुलाचे घर पाहावे, चुलीपाशी ते काय बोलते ते ऐकावे, आणि मगच दप्तर उघडावे. पुस्तकातील भाषेविषयीचे प्रकरण आमच्या मते सर्वांत उपयुक्त आहे; शिक्षकांनी बाकीचे काही न वाचले तरी तेवढे अवश्य वाचावे.

तज्ज्ञ येणार कोठून, हा प्रश्न उरतोच. मुंबई, नागपूर, मणिपाल अशा ठिकाणी शिकून बाहेर पडलेली मुले-मुली पुण्याला, बंगळुराला किंवा थेट परदेशी जातात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या तालुक्यात त्या हुद्द्याची जागाच मंजूर नाही तेथे कोण कशाच्या आशेने येईल? जोयड्याहून कारवार अणशीच्या घाटाने, धारवाड दांडेली-हल्याळवरून, बेळगाव रामनगर-लोंढ्यावरून. कोणतीही वाट धरली तरी आई-बापाचा एक दिवस आणि एक मजुरी जाते, पावसाळ्यात दरड आली तर दोन. दर आठवड्याला मुलाला घेऊन यावे, असे अशा कुटुंबास सांगणे ही थट्टा होय. म्हणून शेजारच्या गोव्यात जे घडले त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. १९९६ साली तेथे स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने, पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांसह, २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांत एक प्रयोग केला: तज्ज्ञाने उपचार करण्याऐवजी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तयार झालेल्या साध्या आरोग्यसेवकांनी आईबापांना मुलाशी खेळताना स्वतःचेच चित्रण दाखवून, मूल कोणत्या खुणेने काय सांगते हे ओळखायला शिकवावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पालकांचा मुलांना मिळणारा प्रतिसाद आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करणे, या दोहोंत सुधारणा दिसली. सर्वच मोजमापांत ती दिसली नाही, आणि संशोधकांनी तसे स्पष्ट नोंदवलेही. गोव्यात जे जमले ते अनमोडचा घाट चढून येथे येऊ शकणार नाही असे मानण्याचे कारण दिसत नाही. मात्र त्या प्रयोगातही वर देखरेख करणारा तज्ज्ञ होता, ही गोष्ट ज्यांना खर्च वाचवण्याची घाई झाली आहे त्यांनी विसरू नये. अंगणवाडी सेविकेच्या आणि आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवून 'काम झाले' म्हणणे हे हस्तांतर नव्हे, ही वेठ आहे.

कायद्याची बाजू कागदावर तरी बरी आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते २०१६ च्या कायद्याने एकवीस केले आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांना जागा मिळाली. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन तपासणी करते, आणि विकासातील विलंब हा त्या तपासणीचा एक अधिकृत विषय आहे. २०२१ च्या कायद्याने व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या नोंदणीची व शिक्षणाची राष्ट्रीय चौकट ठरवून दिली. यांतल्या पथकाच्या भेटीचा फायदा घ्यायचा तर पालकाने त्या दिवशी मुलाला घरी न ठेवता अंगणवाडीत नेले पाहिजे, आणि नेमके उलट घडते; 'पाहुण्यांसमोर किंचाळेल' म्हणून ज्याला दाखवायचे तेच मूल त्या दिवशी आत्याकडे धाडले जाते. सेविकांनी याची आगाऊ कल्पना पालकांना दिली तर पुष्कळ काम होईल.

पुस्तकाच्या भाषेविषयी दोन शब्द. जेथे रूढ शब्द इंग्रजी आहे तेथे तोच ठेवला आहे, कारण आईला दवाखान्यात तोच कानी पडणार. व्यायामांच्या आकृत्या पाटावर, उंबऱ्यावर, विहिरीच्या कठड्यावर करता येतील अशाच निवडल्या आहेत, आणि ज्या कृती तज्ज्ञाला विचारल्यावाचून करू नयेत त्यांच्यापुढे फुली मारली आहे. लहान मुलाचे तोंड झाकले जाईल असे पांघरूण, आणि झटके येणाऱ्या मुलाला गरगर फिरवणे, या दोन फुल्यांकडे कोणीही दुर्लक्ष करू नये. परिशिष्टात दिलेला अपंगत्वाच्या दाखल्यासाठीचा अर्ज मात्र कानडीत ठेवला आहे. मराठीत असता तर वाचणाऱ्याला सोपा गेला असता, पण तो सरकारी कचेरीत रुजू व्हावयाचा आहे.